कुजबुजीचा लिलाव

त्या शुक्रवारी जावयाला काय मिळण्यासारखं होतं, ते आधी मांडून घेऊ.

पैसा नाही. पैसा त्याला ऑफिसात मिळत होता. तिथे तो सर्व्हर सांभाळायचा, आणि आपल्याशिवाय तिथलं पानही हलत नाही असं निदान तो तरी सांगायचा. त्याला हवं होतं ते सासऱ्यांच्या घरात. लग्नाला वर्ष उलटलं तरी तिथे पंख्याखालची खुर्ची त्याची ठरलेली. टेबल सरकवायला उठला की दोन माणसं धावत यायची, "अहो राहू द्या, राहू द्या!" ज्याला खुर्ची देतात तो पाहुणा आणि ज्याला खुर्ची उचलायला लावतात तो घरचा, एवढं न कळण्याइतका तो भोळा नव्हता. या घरातलं एखादं काम आपल्या अंगावर पडावं, एवढीच त्याची भूक. कुणी देत नसेल तर आपणच उचलावं, असा त्याने हिशोब केला. जमेला सासऱ्यांची एक शाबासकी, खर्चाला शून्य. असले हिशोब मांडणाऱ्यांनी खर्चाची बाजू आधी लिहायला शिकलं पाहिजे.

काम त्याने हेरून ठेवलं होतं. सासऱ्यांचा संगणक.

सासरे श्रवणयंत्रं बसवायचे आणि दुरुस्त करायचे. खाली दुकान, वर घर. गल्लीत ते कानवाले, घरात बाबा. दुकानात भिंगाचा दिवा, चिमटे, मोहरीएवढे स्क्रू ठेवायला बाटल्यांची झाकणं, आणि कोपऱ्यात तो संगणक. संगणक तसा बरा होता, पण त्याच्या पोटात आणखी एक संगणक राहायचा. खराखुरा नव्हे, भासाचा. बाबांच्या जुन्या यंत्रांना सूर लावणारा प्रोग्राम एका जुनाट सिस्टीमवरच चालायचा. ती चालवणारी मशीनं भंगारात जाऊन जमाना झाला, म्हणून कुणीतरी ती जुनी सिस्टीम आख्खी उचलून नव्या संगणकातल्या एका खिडकीत बसवून दिलेली. संगणकाच्या धंद्यातले लोक बाहेरच्या संगणकाला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. पाहुण्याला वाटत असतं की आपण आपल्याच घरात आहोत. लग्न होईपर्यंत जावयाला हे शब्द फार गमतीचे वाटायचे.

शुक्रवारी सकाळी बाबा बाजारात गेले होते. जावयाने संगणक उघडला आणि कपाळाला हात लावला. कित्येक महिन्यांत एक अपडेट नाही. त्याने सगळं नवं केलं. यजमानाचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तोही नवा घातला. डिस्क भरत आली होती, म्हणून जुने कर्नल पुसून टाकले. संगणक बंद करून चालू केला, स्क्रीन फडक्याने पुसला आणि तो पंख्याखाली येऊन बसला. शाबासकीची वाट बघत.

आता खर्चाची बाजू.

या घरात मामा रोज दुपारी यायचे. मामा म्हणजे आईंचे, जावयाच्या सासूबाईंचे, थोरले भाऊ, जावयाचे मामेसासरे. समोरच्याच इमारतीत एकटे राहायचे. सगळी हयात त्यांनी भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारण्यात घालवली. मामा पहाटे ओरडायला लागले की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कांद्याचा भाव वर जायचा, अशी त्यांची ख्याती. मग घशात गाठ निघाली. पहिल्या ऑपरेशनमध्ये गाठ गेली आणि जाताना आवाज घेऊन गेली, मागे नुसती कुजबूज ठेवून. गाठ परत आली. आता सोमवारी स्वरयंत्रच काढायचं ठरलं होतं. त्यानंतर कुजबूजही नाही.

त्यांचं सगळं बोलणं बहिणीशी. आणि बहीण बहिरी. पन्नाशीतच आईंच्या कानांनी राजीनामा दिला होता. "हिला कान नाहीत, मला गळा नाही," मामा म्हणायचे, "आम्ही दोघं मिळून एक धड माणूस होतो. ते पण चहाच्या वेळेपुरतं." कान तोंडाजवळ नेला तर मामांचं बोलणं कुणालाही ऐकू आलं असतं. पण कान जवळ न्यायला लोकांना वेळ कुठे असतो? "हो हो मामा" म्हणून माणसं पुढे सरकायची. आईंना मात्र टेबलाच्या पलीकडून सगळं ऐकू यायचं, कारण बाबांनी त्यांचं जुनं यंत्र घासूनपुसून बरोबर त्या कुजबुजीला लावलं होतं. नवी, महागडी यंत्रंही बाबांनी त्यांच्या कानात घालून बघितली होती. नवं यंत्र शहाणं असतं. त्याला कुजबूज म्हणजे कचरा वाटतो. ते केर काढल्यासारखं झाडून टाकतं.

सोमवारच्या आधीचे दोन दिवस आईंना भावाचा शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू यावा, म्हणून बाबांनी त्याच शुक्रवारी दुपारी यंत्र उघडलं. आतली चिप घामाने गंजत आली होती, ती बदलली. नवी चिप म्हणजे कोरी पाटी. तिच्यात आईंचा कान, म्हणजे त्यांच्या ऐकण्याचं माप, पुन्हा भरायचा, की झालं काम. चहा निवायच्या आत होणारं.

बाबांनी पाहुण्याच्या खिडकीवर क्लिक केलं. खिडकी उघडली नाही. इंग्रजीत चार ओळी आल्या. बाबांनी एंटर दाबलं. संगणकाने काहीही विचारलं की त्याचं उत्तर एंटर, हा बाबांचा आयुष्यभराचा नियम. परत त्याच चार ओळी.

"अहो," जिन्याखालून हाक आली. "जरा खाली येता का?"

जावई उड्या मारत खाली गेला. काम मिळालं होतं.

"तुम्ही याला काही केलंत?"

"हो बाबा! सगळं अपडेट केलं. कचरा पण काढला. आता बघा कसा पळतो."

बाबांनी भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवला. ते मुळात कमी बोलणारे. बायकोशी तर खुणांनीच संसार चाललेला, टेबलावर दोन टकटक केल्या की चहा, एक केली की चष्मा. "पळतो खरा," ते म्हणाले, "पण आपल्याला सोडून पळाला."

जावयाने चार ओळी वाचल्या, परत वाचल्या. यजमान आणि पाहुणा यांच्यामध्ये काही तुकडे असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. ते यजमानाच्या गाभ्याच्या मापाने घडवलेले असतात, जशा चौकटीच्या मापाने बिजागऱ्या. त्याने चौकट बदलली होती. बिजागऱ्या जुन्या. दार लागणार कसं? जुनी चौकट परत बसवावी, तर ती त्याने स्वतःच्या हाताने भंगारात घातलेली. आणि ती जिथून मिळायची, तिथेही आता फक्त नवीच मिळत होती.

"होईल बाबा. ते मॉड्यूल नव्याने बांधायचे. एक आज्ञा द्यायची फक्त."

त्याने आज्ञा दिली. स्क्रीनवर बराच वेळ ओळी धावल्या आणि शेवटी लाल अक्षरं आली.

वर मामा आले होते. आईंच्या समोर बसून नेहमीसारखे सुरू झाले. आईंच्या कानात दुकानातलं उसनं नवं यंत्र. त्या मामांच्या ओठांकडे बघत होत्या, पण मामांच्या भरघोस मिशीत ओठ दिसतात कुणाला?

"ती मिशी काप म्हणून सांगून थकले तुला," आई म्हणाल्या.

मामांनी काहीतरी उत्तर दिलं.

"हो हो," आई म्हणाल्या.

मामा थांबले. बाकीच्या जगाचं "हो हो" त्यांना सवयीचं होतं. या टेबलावर ते पहिल्यांदा आलं होतं. त्यांनी बशीतला चहा संपवला, बहिणीच्या गुडघ्यावर थोपटलं आणि रोजच्यापेक्षा लवकर घरी गेले. लेक, म्हणजे जावयाची बायको, हे दारात उभी राहून बघत होती. ती तडक दुकानात उतरली.

"काय केलंस तू?"

"अपडेट केलं गं फक्त."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. म्हणूनच तर केलं."

"ऑफिसात पण असंच करतोस? न विचारता?"

"ऑफिसात जुना कर्नल ठेवतो," जावई म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला कळलं की हे उत्तर आपल्याच विरुद्ध आहे.

"म्हणजे तिथे अक्कल नेतोस आणि इथे येताना घरी ठेवतोस." ती त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. मग आवाज खाली आला. "मामाला रविवारी संध्याकाळी दाखल करायचंय रे. आईला काही ऐकूच आलं नाही तर?"

जावई पुन्हा लाल अक्षरांकडे वळला.

शनिवारी सकाळी दुकानाचं दार उघडायच्या आधीच तो संगणकासमोर बसला होता. बाबांनी गिऱ्हाइकांना "सोमवारनंतर या" म्हणून परत पाठवायला सुरुवात केली. एक आजोबा हटूनच बसले. त्यांना एका कानाने नुसती शिट्टी ऐकू यायची. बाबांनी त्यांना दुसऱ्या कानात समजावलं.

लाल अक्षरांचा अर्थ जावयाने लावला तो असा. मॉड्यूल बांधायच्या सूचना जुन्या कर्नलच्या मापाने लिहिलेल्या. नव्या कर्नलमध्ये एका जागी तीन गोष्टी मागायचे तिथे आता दोनच मागतात, आणि एका कप्प्याचं नाव बदललंय. पाहुणा सांभाळणारा प्रोग्रामच सगळा नवा घ्यावा, तर तो श्रवणयंत्र संगणकाला जोडणाऱ्या बाबांच्या सूर लावायच्या डबीला ओळख देईना. म्हणजे जुनंच ठेवायचं आणि नव्याला जुळवून घ्यायचं. सासरी येणाऱ्या कुठल्याही माणसाला हे काम नवं नसतं, पण इथे ते ओळीओळीने करायचं होतं.

दूरदेशीच्या कुण्या भल्या माणसाने याच दुखण्यावरचा उतारा इंटरनेटवर टाकून ठेवला होता. अर्धा लागू पडला. उरलेला अर्धा जावयाने स्वतः जुळवला. बाबा शेजारी बसून होते. त्यांना यातलं अक्षर कळत नव्हतं, पण बारीक काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी कसं बसावं ते कळत होतं. ते हालत नव्हते. मध्येच त्यांनी भिंगाचा दिवा वळवून कीबोर्डवर उजेड पाडला.

"बाबा, दिसतंय मला."

"असू दे. उजेडाने काही बिघडत नाही."

दुपारपर्यंत मॉड्यूल बांधून झाले. लाल अक्षर एकही नाही. जावयाने टाळी वाजवली आणि पाहुण्याला हाक मारली. यजमानाने दार अडवलं. या तुकड्यांवर सही नाही, म्हणाला, अनोळखी माल मी आत घेत नाही.

"आता काय?" लेकीने जिन्यातून विचारलं.

"सही-शिक्का मागतोय."

"बरोबर आहे त्याचं. काल न विचारता घुसलास, आज त्याने खबरदारी घेतली."

सहीसाठी जावयाने एक किल्ली तयार केली. ती यजमानाच्या ओळखीची करून द्यायची, तर संगणक बंद करून चालू करावा लागतो. चालू होताना एकदाच, थोडा वेळ, निळा पडदा येतो. तिथे "किल्ली नोंदवा" निवडायचं. जावयाने संगणक बंद केला आणि तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, तो घ्यायला तो दारात गेला.

निळा पडदा आला. पडद्याने काहीतरी विचारलं. बाबांनी आपल्या नियमाप्रमाणे उत्तर दिलं.

"बाबा!"

"काय झालं? मी फक्त एंटर दाबलं."

"तोच! तोच दाबायचा नव्हता!"

एवढ्या वर्षांत बाबांवर दुकानात कुणी ओरडलं नव्हतं. बाबांनी आपल्या हाताकडे बघितलं, जणू तो शेजाऱ्याचा हात आहे. मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले.

"पुन्हा करा," ते म्हणाले. "मी असाच बसतो."

जिन्यात लेक हसून हसून खाली बसली. जावयाने पहिल्यापासून सगळं केलं. निळा पडदा पुन्हा आला, किल्ली नोंदली गेली, आणि चहाच्या वेळेला, मामा यायच्या जरा आधी, खिडकी उघडली. आत ती जुनाट सिस्टीम, तिचे जुनाट रंग, आणि एवढ्या उलथापालथीत आपल्याला काही झालंय याचा पत्ता नसलेला पाहुणा.

मामांना खालीच बोलावलं. आता या घरातली एक रीत सांगायला हवी. दुसरीकडे कान तपासताना माणसाला ठरावीक शब्द ऐकवतात, घर, झाड, पाणी. आईंचं यंत्र लावायचं असलं की मामा लिलाव पुकारायचे. आईंना ऐकू आलं तर त्या बोली लावायच्या. बोली आली नाही की बाबा समजायचे, ऐकू गेलं नाही, पट्टी सरकवा. बोली पैशांची नसे, घरकामाची असे, आणि ती पुढे खरोखर वसूल केली जाई.

पंखा बंद केला. दुकानाचं शटर अर्धं ओढलं. बाबांनी आईंच्या यंत्राला तार जोडली आणि प्रोग्रामने आईंचा कान पडद्यावर मांडला, उभ्या पट्ट्यांची एक रांग, डावीकडे जाड, खर्जातले आवाज, उजवीकडे बारीक. जावई बघत होता. उजवीकडच्या पट्ट्या छताला लागलेल्या. डावीकडच्या पार तळाला.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "या डाव्या पट्ट्या पडल्यात. माझ्या त्या अपडेटने तर नाही ना..."

"नाही. त्या तशाच असतात."

"पण तळाला? काहीच कसं ऐकू..."

"असू द्या," बाबा म्हणाले. "नवी चिप थोडी वेगळी पडते, बारीक पट्ट्या पुन्हा लावायला लागतील. दादा, सुरू करा."

मामा उभे राहिले. लिलाव बसून होत नाही. हात वर गेला, मिशी थरथरली आणि त्या एवढ्या मोठ्या माणसातून एवढीशी कुजबूज निघाली.

"बघा बघा, माल बघा. जावई. एकच नग. वर्षभर वापरलेला, फार मळलेला नाही. संगणक दिसला की हात शिवशिवतात, तेवढा एक दोष. बोला!"

आई बाबांकडे बघत राहिल्या. बाबांनी पट्टी सरकवली. "परत."

"जावई! एकच नग! बोला!"

"जावई का?" आईंचा चेहरा उजळला. "दोन दिवसांची भांडी."

"आई!" लेक ओरडली. "दोनच दिवस?"

"जास्त देऊन कोण घेतंय?"

"मी वर्षभर घासतेय याच्यापायी!"

"म्हणून तर मला भाव माहीत आहे."

जावई हसला. या घरात पहिल्यांदाच तो असा खुर्ची हलेपर्यंत हसला. मामांनी त्याला तीन वार म्हणून आईंना देऊन टाकलं. मग वरच्या मजल्यावरचा गळका नळ गेला. मग लेकीचं भांडखोर तोंड गेलं, ते कुणी घेईना म्हणून जावयाला फुकट मिळालं. प्रत्येक वेळी बाबांचा हात थोडा इकडे, थोडा तिकडे. आईंची बोली दर वेळी लवकर येऊ लागली.

"आता हा माल," मामांनी बाबांकडे बोट केलं. "कानवाला. जुना पण टिकाऊ. तोंडात जीभ आहे का, त्याची खात्री विकणारा देत नाही. बोला!"

"तो विकायचा नाही," आई म्हणाल्या.

"गिऱ्हाईक नाही म्हणून?"

"माझाच आहे म्हणून. पुढचा माल काढ."

मामा थोडे दमले होते. त्यांनी टेबलाला टेकून श्वास घेतला. मग स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला.

"शेवटचा माल. आवाज. एके काळी बाजारभर पुरायचा. आता एका कानापुरता शिल्लक आहे. सोमवारी दुकान बंद, त्यामुळे घेणाऱ्याने आजच उचलायचा. बोला."

आई काही बोलल्या नाहीत.

बाबांनी पट्टी वर सरकवली.

"एक वार," मामा म्हणाले.

आई गप्प. बाबांनी पट्टी आणखी वर नेली. यंत्रातून बारीक शिट्टी आली. ते अजून वर नेणार, तोच आईंनी त्यांच्या हातावर चापट मारली.

"पुरे. शिट्ट्या कसल्या काढताय? ऐकू आलंय मला. पहिल्याच पुकाऱ्याला ऐकू आलंय."

"मग बोल की, धाकटे," मामा म्हणाले.

"कशाला बोलू? हा माल केव्हाच गेलाय." त्यांनी हनुवटीने नवऱ्याकडे खूण केली. "यांनी घेतलाय. किंमत विचार त्यांना. तुझी कुजबूज माझ्या कानात बसावी म्हणून स्वतःचा आवाज उठवून बाहेर उभा केलाय. ती डावीकडची सगळी ओळ यांची आहे. कित्येक महिने झाले, हे बोलतात आणि मला नुसता गुळण्या केल्यासारखा आवाज येतो."

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. जावयाने तळाला गेलेल्या पट्ट्यांकडे बघितलं, मग त्या टेबलाकडे, जिथे दोन टकटक म्हणजे चहा आणि एक म्हणजे चष्मा.

"तुला कळलं होतं?" बाबांनी विचारलं.

"काय म्हणतात?" आईंनी लेकीला विचारलं.

"तुला कळलं होतं का, विचारताहेत," लेकीने बारीक आवाजात पोचवलं.

"नवऱ्याचा आवाज बंद झाला तर बायकोला कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?" बाबा.

"मग बोलली का नाहीस?" लेक. आता तिचाही आवाज नीट निघत नव्हता.

"कशाला? तीस वर्षं ऐकलंय यांचं. सगळं पाठ आहे. दादाचं रोज नवीन असतं."

मामा हसले. त्यांचं हसणं म्हणजे नुसती हवा, फुगा सुटल्यासारखी. "दोन वार," ते म्हणाले, "तीन वार. दिला!" आणि बाबांच्या पाठीवर थाप मारून स्टुलावर बसले. बाबांना कुठे बघावं ते कळेना. शेवटी त्यांनी एंटर दाबलं. प्रोग्राम "जतन करू का?" म्हणून विचारत होता, तेव्हा या वेळी ते उत्तर बरोबर होतं.

रविवारी दाखल व्हायची वेळ होईपर्यंत भाऊबहीण वरच्या खोलीत बसले. काय बोलले ते कुणी विचारलं नाही. मधून मधून आईंचं "चल, काहीतरीच!" तेवढं खाली ऐकू येत होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढे यंत्राने बोलायला शिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी हाताने "बघू" केलं. दवाखान्यातून सोडल्यावर पहिल्याच दुपारी ते आले आणि नेहमीच्या जागी बसले. गळ्याला छोटं छिद्र, श्वास त्यातून. बोलणं नाही. बाबांनी संगणकासकट तार आणि डबी वर आणून ठेवली होती. त्यांचा विचार साधा होता, आता कुजबूज नाही, डावीकडची ओळ वर आणायला हरकत नाही. आपला आवाज पुन्हा आत जाईल.

आई भावाला बाजारातल्या गोष्टी सांगत होत्या. मामांच्या जागी ओरडायला आलेला नवा माणूस लिलाव पुकारता पुकारता शिंकला आणि त्या शिंकेवर टोमॅटोचे भाव कसे बदलले, ते. मामा खुर्चीत बसून ऐकत होते, मान खाली घालून. बाबांनी तार पुढे केली.

"थांबा हो," आई म्हणाल्या. "दादा हसतोय."

बाबांनी बघितलं. मामांचा चेहरा मिशीत. काही आवाज नाही. लेकीने कान लावला, जावयाने लावला. काही नाही. आईंना मात्र टेबलाच्या पलीकडून ऐकू येत होतं. गळ्यातल्या छिद्रातून जाणारी हवा, आधी संथ, मग तुटक तुटक, फुगा सुटल्यासारखी.

बाबांनी तार गुंडाळली.

तर आता शेवटचा हिशोब. मामांनी आवाज दिला, पण तो दुखण्याने नेला, या घरात कुणी त्यांच्याकडून घेतला नाही. आई गुडघे दुखत असताना रोज सकाळी घाऊक बाजारात चक्कर मारतात, कारण दुपारी सांगायला ताजा माल लागतो. जावयाला जे हवं होतं ते मिळालं, आणि पुरून उरलं. नळ, गिझर, शटर, सगळ्याला आता "अहो, जरा येता का?" पंख्याखाली तो बसलेला दिसत नाही. दर नव्या कर्नलनंतर मॉड्यूल पुन्हा बांधायला सुट्टीच्या दिवशी तो स्वतः येतो. हे काम आपोआप होईल अशी सोय असते आणि ती लावायला त्याला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नसता. त्याने ती लावलेली नाही. हे फक्त त्याच्या बायकोला माहीत आहे, आणि ती गप्प आहे.

बाकी सगळा खर्च बाबांच्या नावावर निघतो. डावीकडची ओळ अजून तळाला आहे. दुपारी ते खालून चहा मागतात, वर आईंना ऐकू जात नाही आणि मामा गोष्टीत रमलेले असतात. मग ते जिना चढतात, स्वतः चहा करतात, तीन कप. दोन त्या दोघांच्या मध्ये ठेवतात आणि आपला घेऊन खाली जातात.